फ्रान्समध्ये राहता राहता फ्रेंच

फ्रेंचभाषक देशात नोकरीनिमित्त किंवा कुटुंबासह राहायला गेल्यावर वर्गात न बसता, केवळ रोजच्या व्यवहारातून ती भाषा शिकता येते का, या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुण्यातून आणि पुण्याबाहेर गेलेल्या पुणेकरांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या लेखिका अनेक वर्षे लियाँ शहरात राहिल्या असून सध्या पुण्यात फ्रेंच शिकवतात.

प्रश्न : माझ्या पतीची हिंजवडीच्या कंपनीतून तुलूज येथे बदली झाली आहे. त्यांचे सगळे कामकाज इंग्रजीत चालते. मी बँकेतील नोकरी सोडून चार वर्षांच्या मुलासह त्यांच्याबरोबर जात आहे. आम्ही शाकाहारी आहोत. नातेवाईक सांगतात की, 'तिथे गेल्यावर भाषा आपोआप येते, इथे क्लासवर पैसे कशाला घालवतेस?' हे कितपत खरे आहे?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : 'आपोआप' ही कल्पना आपण पुण्यातच सोडून जावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. फ्रान्समध्ये पाच-सात वर्षे राहूनही दुकानात बोट दाखवून खरेदी करणारी आपल्याकडची कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि ती माणसे आळशी किंवा मंद होती असे मुळीच नाही. त्यांच्या दिवसाची रचनाच अशी होती की फ्रेंचला आत शिरायला फट मिळत नव्हती. कार्यालय इंग्रजीत, घर मराठीत, सुपरमार्केटमध्ये स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरण्याची सोय, शनिवार-रविवारी भारतीय मित्रमंडळी आणि रात्री फोनवर पुण्याची माणसे. आजच्या फ्रेंच शहरात तोंडही न उघडता महिना काढता येतो. म्हणून नुसते देशात असणे पुरत नाही. त्याच कामासाठी, त्याच माणसाशी, पुन्हा पुन्हा बोलावे लागेल अशी तीन-चार ठिकाणे आपल्या आठवड्यात असावी लागतात. 'त्याच माणसाशी' हे मी मुद्दाम म्हणते. अनोळखी माणसाला आपल्या अडखळण्याशी काही देणेघेणे नसते. ओळखीची पाववाली मात्र आपण काल काय घेतले हे लक्षात ठेवते, आपले वाक्य पुरे होईपर्यंत थांबते आणि पुढच्या वेळी एक प्रश्न जास्त विचारते. भाषा गर्दीत मिसळल्याने येत नाही, ओळख वाढल्याने येते, हे मला इतक्या वर्षांत ठामपणे पटले आहे.

आपल्या बाबतीत असे पहिले ठिकाण मुलाची शाळा हे असेल. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे झाले आहे, त्यामुळे आपला मुलगा 'एकोल मातेर्नेल' म्हणजे बालशाळेत जाईल आणि आपण रोज ठरावीक वेळी त्याच पालकांबरोबर फाटकापाशी उभ्या असाल. ही वेळ फोनमध्ये डोके घालून घालवू नये. पहिले काही दिवस केवळ अभिवादन आणि हवेबद्दलचे एखादे वाक्य एवढेच बोलावे. मुलांची नावे एकमेकांना माहीत झाली की वाढदिवसाची आमंत्रणे येतात आणि मग बोलण्याला विषय शोधावा लागत नाही. मुलाच्या दप्तरात शाळा आणि घर यांच्यातील निरोपांची वही येते. तिला 'काये द लिएझों' म्हणतात. सहलीची परवानगी, सुट्टीची सूचना, वर्गात उवा झाल्याचा इशारा असे छोटे मजकूर तिच्यात चिकटवलेले असतात. रोजच्या फ्रेंचचे याहून चांगले पाठ्यपुस्तक मला ठाऊक नाही, कारण त्यातील प्रत्येक ओळ समजून घेणे आपल्याला भागच असते. सुरुवातीला आपण नुसती सही कराल. नंतर सहीसोबत शिक्षिकेसाठी एक ओळ लिहू लागावे. शिवाय परदेशातून आलेल्या पालकांसाठी काही शाळांमध्ये सरकारी योजनेतून फ्रेंचचे मोफत वर्ग चालतात. 'उव्हरीर लेकोल ओ पाराँ' या नावाने शाळेत किंवा नगरपालिकेत चौकशी करावी.

दुसरे ठिकाण बाजार. तुलूजमध्ये व्हिक्टर ह्यूगो यांच्या नावाची मोठी छपराखालची मंडई आहे, आणि जवळपास प्रत्येक वस्तीत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी उघड्यावरचा बाजार भरतो. आपल्या मंडईत आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो आणि टोमॅटो एकेक निवडून घेतो. तिथे बऱ्याच गाळ्यांवर मालाला गिऱ्हाइकाने हात लावलेला विक्रेत्याला आवडत नाही, तो स्वतः निवडून देतो, आणि म्हणूनच तिथे बोलल्यावाचून भाजी मिळत नाही. खरबूज किंवा ॲव्होकॅडो मागितले की तो विचारतो, 'से पूर माँजे काँ?' म्हणजे कधी खायचे आहे, आज की उद्या? त्याप्रमाणे तो पिकलेले किंवा थोडे कच्चे फळ काढून देतो. एकच गाळा धरून ठेवावा आणि दुकानदाराला सवड असेल अशा वेळी जावे, म्हणजे उघडताना किंवा आवराआवर सुरू होण्याच्या थोडे आधी.

शाकाहार ही आपल्याला अडचण वाटत असेल, पण शिकण्याच्या दृष्टीने तो मोठा आधार आहे. जो माणूस काहीही खातो त्याला वेष्टनावरचा मजकूर वाचण्याची गरज पडत नाही. आपल्याला मात्र दह्यात किंवा मिठाईत 'जेलातीन' आहे का, चीजमध्ये 'प्रेझ्यूर' म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण आहे का, 'कीश लोरेन' या साध्या दिसणाऱ्या भाजलेल्या खारट पदार्थात 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का, हे दर वेळी पाहावे लागेल. युरोपीय नियमानुसार ॲलर्जी होऊ शकणारे घटक वेष्टनावर ठळक उठावाने छापलेले असतात, त्यामुळे दूध, गहू, अंडी, शेंगदाणे हे शब्द पहिल्याच महिन्यात डोळ्यांना ओळखीचे होतात. उपाहारगृहात 'साँ व्हियाँद' म्हणजे 'मांसाशिवाय' एवढेच सांगून भागत नाही, कारण मासे आणि कोंबडी यांना अनेक जण मांसात धरत नाहीत. म्हणून 'नी व्हियाँद, नी प्वासों' असे दोन्ही नाकारून सांगावे आणि कोंबडीचाही वेगळा उल्लेख करावा.

तिसरे ठिकाण आपण स्वतः निर्माण करायचे आहे. फ्रान्समध्ये गायन, शिवण, योग, बागकाम, गिर्यारोहण अशा प्रत्येक छंदासाठी १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था असतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी त्यांचा एकत्र मेळावा भरतो, तेथे वर्षाची नावनोंदणी होते. आपण सप्टेंबरनंतर पोहोचणार असाल तरी चौकशी करावी, जागा असल्यास घेतात. भाषेच्या नावाखाली भरणाऱ्या मंडळापेक्षा हातांना काम असलेले मंडळ मी अधिक चांगले समजते, कारण कापड कापताना किंवा रोप लावताना वाक्य चुकले तरी हाताने दाखवता येते आणि समोरची व्यक्ती योग्य शब्द आपसूक पुरवते.

आता क्लासचा प्रश्न. भाषेच्या युरोपीय पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात; जाण्यापूर्वी पुण्यात निदान त्यांतली पहिली पायरी, म्हणजे 'ए-वन', पुरी करून जावे असेच मी सांगेन, मग ती अलियाँस फ्राँसेजमध्ये असो, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असो किंवा घराजवळच्या चांगल्या शिक्षकांकडे. शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजने उच्चारायची नसतात, पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की त्यांतली काही परत ऐकू येतात, 'असणे' आणि 'जवळ असणे' या दोन क्रियापदांवर निम्मी भाषा उभी आहे, या गोष्टी रस्त्यावर कोणी समजावून सांगत नाही. त्या माहीत असतील तर रस्त्यावर ऐकलेले प्रत्येक वाक्य कुठेतरी अडकवून ठेवता येते. नसतील तर वर्षभर नुसता आवाज ऐकू येत राहतो.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून पॅरिसमध्ये नोकरी करतो. बोलण्याची माझी तयारी असते, पण मी फ्रेंचमध्ये एक वाक्य बोललो की दुकानदार लगेच इंग्रजीत उत्तर देतो. मग माझाही धीर खचतो. काय करावे?
— एक वाचक, मूळ बाणेर

उत्तर : ही तक्रार जवळपास प्रत्येक पत्रात आहे, म्हणून तिचे सविस्तर उत्तर देते. सर्वप्रथम, यात अपमान मानू नये. पर्यटकांनी भरलेल्या भागातील विक्रेत्याला रांग पुढे सरकवायची असते आणि तो आपल्या समजुतीने मदतच करत असतो. तेव्हा पर्यटकांचा भाग आणि गर्दीची वेळ हे दोन्ही टाळून आपल्या वस्तीतील दुकान धरावे, हा पहिला उपाय.

दुसरा उपाय अभिवादनाचा आहे आणि आपल्याकडच्या माणसांना त्याचे महत्त्व लवकर उमगत नाही. पुण्यात आपण दुकानात शिरतो आणि 'पाव किलो चितळे बाकरवडी' असे थेट सांगतो. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. फ्रान्समध्ये 'बोंजूर' न म्हणता मागणी सुरू करणे हा उद्धटपणा समजला जातो. 'बोंजूर मादाम' किंवा 'बोंजूर मस्य' म्हणावे, समोरून तेच परत येईपर्यंत थांबावे आणि मगच आपले काम सांगावे. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताना, इमारतीच्या लिफ्टमध्ये, बसचालकासमोरही हाच शिरस्ता आहे. अभिवादन नीट झाले की समोरची व्यक्ती आपल्याला वाटसरू न समजता शेजारी समजू लागते, आणि शेजाऱ्याशी लोक फ्रेंचमध्येच बोलतात.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. आपण घरातून आपले वाक्य तयार करून जातो, पण समोरून येणारा प्रश्न तयार करून जात नाही. इंग्रजीकडे वळण्याचा क्षण बहुधा तोच असतो : विक्रेता काहीतरी विचारतो, आपण दोन सेकंद गोंधळतो आणि तो भाषा बदलतो. सुदैवाने काउंटरवरचे प्रश्न मोजके आणि ठरलेल्या क्रमाने येतात. पावाच्या दुकानात आपण 'यून त्रादिस्यों' मागितली, म्हणजे १९९३ च्या सरकारी आदेशानुसार कोणतेही रासायनिक मिश्रण न घालता बनवलेला लांब पाव मागितला, की जास्त भाजलेला हवा की कमी, असे विचारले जाऊ शकते. मग 'ए आव्हेक ससी?' म्हणजे 'याबरोबर आणखी काही?' नंतर 'स सरा तू?' म्हणजे 'एवढेच ना?' मग कार्ड की रोख. शेवटी पावती हवी का, हा प्रश्न येतो, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समध्ये पावती आपोआप छापून देणे बंद झाले आहे आणि ती मागितल्यावरच मिळते. औषधाच्या दुकानात याऐवजी आरोग्यविम्याचे 'कार्त व्हिताल' आहे का, असे विचारतात. एका आठवड्यात एका दुकानाचा प्रश्नक्रम लक्षपूर्वक ऐकून वहीत लिहून काढावा. रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या माणसांची संभाषणे ऐकणे हा यासाठीचा उत्तम आणि फुकटचा पाठ आहे.

एवढे करूनही इंग्रजी आलीच तर हसतमुखाने म्हणावे, 'जाप्राँ ल फ्राँसे, ओं प कोंतिन्यूए आँ फ्राँसे?' म्हणजे मी फ्रेंच शिकतो आहे, आपण फ्रेंचमध्येच पुढे बोलू शकतो का? या वाक्याला नकार मिळालेला मी फारसा पाहिलेला नाही. निघताना 'बॉन जूर्ने' म्हणायला विसरू नये.

आणखी एक. समोरच्याला 'व्हू' म्हणावे की 'त्यू', या प्रश्नाने इंग्रजीभाषक फार घाबरतात. मराठी माणसाला घाबरण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'तुम्ही' आणि 'तू' यांचा विवेक लहानपणापासून असतो. दुकानात, दवाखान्यात, सरकारी कार्यालयात आणि वयस्कर शेजाऱ्यांशी 'व्हू'च वापरावे आणि 'त्यू'वर येण्याचा प्रस्ताव मोठ्या व्यक्तीकडून येऊ द्यावा.

प्रश्न : फ्रेंच उच्चार लक्षात राहावेत म्हणून मी ते देवनागरीत लिहून ठेवते. हे योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : पहिले काही आठवडे अवश्य लिहावे, नंतर सोडून द्यावे. देवनागरीचा एक मोठा फायदा असा की फ्रेंचमधील 'त' आणि 'द' हे आपल्या दंत्य 'त', 'द' सारखेच आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'ट', 'ड' म्हणणाऱ्याचा उच्चार लगेच परका वाटतो. 'प' आणि 'क' देखील आपल्यासारखेच, मागे हकार न सोडता म्हटले जातात. परंतु फ्रेंचमध्ये ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यासारखा एक स्वर आहे आणि त्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही. 'वर' या अर्थाचा शब्द आणि 'खाली' या अर्थाचा शब्द यांत फरक आहे तो केवळ या स्वराचा आणि साध्या 'ऊ'चा. मी या लेखात पहिला 'दस्यू' आणि दुसरा 'दसू' असा लिहीन, पण 'दस्यू' वाचून तो स्वर कोणाच्या तोंडून निघणार नाही. तो माणसाचे ओठ पाहूनच शिकावा लागतो.

प्रश्न : मी ग्रनोब्लमध्ये आहे. पुण्यात 'बी-वन'पर्यंत शिकून आलो, दुकानात माझे काम अडत नाही. पण दुपारी जेवताना सहकारी आपापसांत बोलू लागले की मला काहीच कळत नाही. इतके शिकून उपयोग काय झाला?
— एक वाचक, मूळ सिंहगड रस्ता

उत्तर : उपयोग झाला आहे, पण आपण छापील भाषा शिकला आहात आणि ते बोलकी भाषा बोलतात. मराठीतही 'मी जात आहे' असे लिहिणारा माणूस 'मी जातोय' असे बोलतो, आणि पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला 'जातोय' पहिल्यांदा कळत नाही. फ्रेंचमध्ये हे अंतर त्याहून मोठे आहे. नकारार्थी वाक्यातील दोन तुकड्यांपैकी पहिला तुकडा बोलताना गळून जातो. 'ज न से पा', म्हणजे 'मला माहीत नाही', हे वाक्य कानावर 'शे पा' असे पडते. 'अमुक वस्तू नाही' या अर्थाचे 'इल न्या पा' हे केवळ 'या पा' उरते. 'त्यू आ'चे 'ता' होते. 'आम्ही जातो' यासाठी पाठ केलेले 'नूझालों' जेवणाच्या टेबलावर जवळजवळ ऐकूच येत नाही, सगळे 'ओं व्हा' म्हणतात. हे सारे नियमाने होते, त्यात कोणाची निष्काळजी नाही. म्हणून एका बैठकीत अशी वीस-पंचवीस रूपे शिकून घ्यावीत. त्यानंतर तेच संभाषण वेगळे ऐकू येऊ लागते.

मात्र आठ माणसांच्या टेबलावर बसून शिकण्याचा आग्रह प्रारंभी धरू नये. तिथे विषय दर मिनिटाला बदलतो, तीन जण एकाच वेळी बोलतात आणि अर्धे बोलणे मागच्या आठवड्यातील गोष्टींवर असते. त्याऐवजी एकाच सहकाऱ्याबरोबर कॉफीच्या यंत्रापाशी रोज दहा मिनिटे उभे राहावे. दोघांच्या संभाषणात समोरच्याला आपला चेहरा दिसतो, त्यामुळे तो वेग कमी करतो. आणि न कळता मान डोलावू नये, हे मी विद्यार्थ्यांना फार कळकळीने सांगते. एकदा मान डोलावली की समोरची व्यक्ती पुढे जाते, तो शब्द हातचा जातो आणि दुसऱ्यांदा विचारणे अवघड होऊन बसते. 'पार्दों?' म्हणावे किंवा 'सा व्ह दीर क्वा?' म्हणजे 'याचा अर्थ काय?' असे विचारावे.

घरी कानाचा सराव करायचा असेल तर आर.एफ.आय. या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे रोजचे वार्तापत्र ऐकावे; मजकूर सोबत वाचायलाही मिळतो. चित्रपट आणि मालिका पाहताना इंग्रजी उपशीर्षके बंद करून फ्रेंच उपशीर्षके लावावीत. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शेजाऱ्यांचा सण असतो. १९९९ मध्ये पॅरिसच्या १७ व्या विभागातून सुरू झालेली ही प्रथा आता देशभर पाळली जाते आणि इमारतीच्या अंगणात प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. आपण पोहे किंवा सुरळीच्या वड्या घेऊन गेलात तर त्यात काय घातले आहे, हे निदान दहा जण विचारतील, आणि तेच उत्तर दहादा देण्यासारखा सराव कोणत्याही वर्गात मिळत नाही.

प्रश्न : आमची मुलगी नाँत येथे स्थायिक आहे. आम्ही दोघे निवृत्त असून तिच्याकडे तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. पाच वर्षांची नात आम्ही मराठीत बोललो तरी फ्रेंचमध्येच उत्तर देते. या वयात आम्हाला तिच्याशी बोलण्यापुरते फ्रेंच येईल का?
— आजी-आजोबा, सहकारनगर

उत्तर : पाहुणे म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि तेवढ्या काळात बाजार, बस आणि शेजारी यांच्यापुरते फ्रेंच नक्की येते. अभिवादने, आकडे आणि 'कृपया', 'धन्यवाद', 'माफ करा' एवढ्यापासून सुरुवात करावी. आकड्यांना मात्र वेळ द्यावा, कारण फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा असे म्हणतात. फोन क्रमांक दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, त्यामुळे ९७ लिहून घेणारा नवखा माणूस 'चार' ऐकताच ४ लिहून मोकळा होतो. पूर्ण जोडी ऐकेपर्यंत पेन उचलू नये. मुलीचा क्रमांक तोंडपाठ करून ठेवावा. अडचणीत तोच आधी लागतो. ब्रसेल्स किंवा जिनिव्हाला जाणाऱ्यांना थोडे सोपे आहे, तिथे सत्तर आणि नव्वद यांना स्वतंत्र शब्द आहेत.

नातीशी मात्र आपण मराठीतच बोलत राहावे, हे माझे स्पष्ट मत आहे. तिला फ्रेंच शाळेतून मिळते आहे आणि पुरेपूर मिळणार आहे. मराठी तिला आपल्यावाचून फारसे कोणी देणार नाही. ती फ्रेंचमध्ये उत्तर देते याचा अर्थ तिला आपले मराठी समजते, असाही होतो. दोघांनी दोन भाषांत बोलणे चालू ठेवावे. त्याचबरोबर दिवसातला काही वेळ तिला आपली शिक्षिका होऊ द्यावे. नगरपालिकेच्या वाचनालयात, ज्याला 'मेदियातेक' म्हणतात, सहसा विनामूल्य बसता येते आणि लहान मुलांची चित्रांची पुस्तके भरपूर असतात. तिने पान वाचून दाखवावे, आपण चित्रातील वस्तूंची नावे विचारावीत आणि मग तीच गोष्ट तिला मराठीत सांगावी. मुले मोठ्यांचे उच्चार फार कसोशीने सुधारतात.

प्रश्न : मी कुठेही जाणार नाही. पुण्यात राहून असे व्यवहारातले फ्रेंच शिकता येईल का?
— एक वाचक, औंध

उत्तर : दुकान आणि शेजार पुण्यात मिळणार नाही, पण नेमाने भेटणारी माणसे मिळतील. वर्गातील दोघा-तिघांनी आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ केवळ फ्रेंचमध्ये बोलण्यासाठी ठेवावी आणि त्या दिवशी काही तरी प्रत्यक्ष काम करावे, जसे की फ्रेंच पाककृती वाचून पदार्थ बनवणे. अलियाँसमधील चित्रपट आणि कार्यक्रमांना जावे. दिवसाची कामांची यादी फ्रेंचमध्ये लिहावी.

प्रश्न : मी पाच वर्षांपासून पॅरिसजवळ राहते आणि बोलून बोलूनच फ्रेंच शिकले, आता मला कोणी अडवत नाही. दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी आणि पुढे नागरिकत्वासाठी एवढे पुरेल का?
— एक वाचिका, मूळ पर्वती

उत्तर : बोलणे पुरेल, कागदावरचे फ्रेंच कदाचित पुरणार नाही. जानेवारी २०२४ च्या कायद्याने भाषेच्या अटी वाढवल्या आहेत आणि त्या १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या आहेत. अनेक वर्षांच्या निवास परवान्यासाठी आता 'ए-टू', दहा वर्षांच्या रहिवासी कार्डासाठी 'बी-वन' आणि नागरिकत्वासाठी 'बी-टू' ही पातळी मागितली जाते. पूर्वी रहिवासी कार्डाला 'ए-टू' आणि नागरिकत्वाला 'बी-वन' चालत असे. काही प्रवर्गांना यातून सूट आहे, तेव्हा आपल्या कार्डावर छापलेला प्रवर्ग पाहून सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

ही पातळी सिद्ध करणाऱ्या 'डेल्फ' या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार विभागांना प्रत्येकी २५ असे १०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक विभागात किमान ५ गुण लागतात. केवळ कानाने शिकलेल्या माणसाला लेखनात त्रास होतो आणि त्याचे कारण त्या भाषेतच आहे. 'खाणे', 'खाल्लेले' आणि 'तुम्ही खाता' ही तीन रूपे कानाला एकसारखी 'माँजे' अशीच ऐकू येतात, परंतु तिन्हींचे लेखन वेगळे आहे. वर्षानुवर्षे उत्तम बोलणाऱ्या व्यक्तीला आपण यातले कोणते रूप बोलतो आहोत, याचा विचार करण्याची वेळच आलेली नसते. येथे मराठी व्याकरण आपल्या मदतीला येते. 'मी पत्र लिहिले', 'मी चिठ्ठी लिहिली' यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्येही कर्म आधी आले तर भूतकाळातील रूप त्याच्याप्रमाणे बदलते, आणि हा नियम फ्रेंच मुलांनाही जड जातो. आपल्याला तो समजून घ्यायला एक तास पुरेल.

उपाय असा की आतापर्यंत तोंडाने करत आलेली कामे काही महिने लिहून करावीत. इमारतीच्या व्यवस्थापकाला फोन न करता पत्र लिहावे, डॉक्टरांची वेळ ईमेलने बदलून घ्यावी, एखाद्या ओळखीच्या शेजारणीला आठवड्यातून एकदा अर्धे पान वाचून दाखवायला सांगून ते श्रुतलेखन म्हणून उतरवावे आणि तिच्याकडूनच तपासून घ्यावे. वस्तीतील सामाजिक केंद्रांमध्येही लेखनाचे असे वर्ग अल्प शुल्कात किंवा विनामूल्य चालतात. डेल्फचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, त्यामुळे परवान्याची मुदत संपत येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नोंदणीच्या तारखा लवकर भरतात आणि निकालानंतर प्रमाणपत्र हाती येण्यास वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या निदान सहा महिने आधी परीक्षा देऊन टाकावी.